खोकल्याची वही: सर्दी की दमा, प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर

सुरुवात करतोय. काल लेकीला (वय ९) घेऊन डॉक्टरांकडे गेलो होतो, मॅडमनी तीनच प्रश्न विचारले आणि तिन्हींवर आमची दांडी गुल. रात्री खोकला येतो का, आला तर साधारण किती वाजता, आणि दोन सर्दींच्या मधल्या दिवसांत पोरगी एकदम मोकळी असते का. मी म्हटलं येतो बहुतेक, बायको म्हणाली नाही रे, शांत झोपते की, आणि लेक म्हणाली "मला काय माहीत, मी झोपलेली असते ना". मॅडम हसल्या पण कागदावर काहीच लिहिलं नाही त्यांनी, आणि ते मला जरा लागलं.

वर्षभरातली ही सातवी की आठवी सर्दी. तसं पाहिलं तर लहान मुलांना वर्षाला सहा-आठ सर्द्या होणं काही जगावेगळं नाही, मोठ्यांना दोन-तीन होतात. पण हिची प्रत्येक सर्दी आम्ही "छातीत उतरली" म्हणून सोडून देतो आणि तीन-तीन आठवडे खोकत बसते ती. आधीच्या एका ठिकाणी दोनदा अँटिबायोटिकही देऊन झालंय, फरक शून्य, आणि सर्दी व्हायरसने होत असेल तर तो पडायचं कारणही नव्हतं.

तर प्रकल्प असा, लक्षणं भरली की सर्दी का दमा ते सांगेल असा एक फॉर्म बनवायचा. दोन वीकेंडचं काम. (हे वाक्य नंतर वाचून हसायला येणार बहुतेक.)

८ ऑक्टोबर

व्हर्जन १ झालं. साधी स्प्रेडशीट, प्रत्येक लक्षणाला मार्क. शिंका, नाक गळणं, घसा खवखवणं, ताप, अंग मोडून येणं हे सर्दीच्या खात्यात. श्वास सोडताना सुंसुं आवाज, छाती आवळल्यासारखी वाटणं, धाप, पहाटेचा खोकला हे दम्याच्या खात्यात. बेरीज करायची, ज्याचे मार्क जास्त तो जिंकला.

ताईला पाठवलं. ताई छातीच्या विभागात नर्स आहे, बरीच वर्षं. तिने दहा मिनिटांत फॉर्मचं मातेरं केलं. म्हणे "सर्दी झालेला दमेकरी आला तर तुझा फॉर्म काय सांगेल?" भरून बघितलं, ११ विरुद्ध ११. टाय.

मग तिने फोनवर समजावलं. शाळकरी मुलांमध्ये दमा उसळतो तो बहुतेक वेळा सर्दीच्या व्हायरसनेच, त्यातही ऱ्हायनोव्हायरस हा मुख्य गडी. म्हणजे ज्या दिवशी लक्षणं सगळ्यात जोरात असतात त्या दिवशी दोन्ही एकदमच हजर असतात आणि माझा फॉर्म नेमका त्याच दिवशी भरला जाणार. "एका दिवसाचा फोटो काढून कळत नाही रे, दिवस मोज," असं म्हणाली. व्हर्जन १ कचऱ्यात.

९ ऑक्टोबर

ताईच्या सांगण्यावरून अजून दोन गोष्टी काढल्या.

एक, शेंबडाचा रंग. मी हिरव्या-पिवळ्याला वेगळे मार्क दिले होते. तो रंग पांढऱ्या पेशींमधल्या एन्झाइममुळे येतो, साध्या सर्दीतही तीन-चार दिवसांनी दिसतो, त्यावरून जंतुसंसर्ग ठरवता येत नाही आणि दमा तर नाहीच नाही. अख्खा कॉलम उडवला, तीन ड्रॉपडाउन वाया.

दुसरं म्हणजे "आवाज नाही म्हणजे दमा नाही" हा माझा नियम. काही जणांचा दमा नुसत्या खोकल्यावरच चालतो, सुंसुं कधी ऐकूच येत नाही. आणि उलटंही, सुंसुं ऐकू आलं म्हणजे दमाच असंही नाही, पाच वर्षांखालच्या पोरांना नुसत्या व्हायरसनेही छाती वाजते आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं मोठं होता होता थांबतं. आणि धडधाकट पोराला खेळता खेळता अचानक खोकला-घरघर सुरू झाली तर आधी काहीतरी श्वासात अडकलंय का ते बघायचं, त्याला वही नको, ताबडतोब दवाखाना.

१२ ऑक्टोबर

आता मोजायचं कसं हा प्रश्न. रात्रीचा खोकला कोणाला आठवत नाही हे तर पहिल्याच दिवशी कळलं. कपाटात जुना फोन पडलेला होता, तो तिच्या खोलीत टेबलावर ठेवला, ठराविक पातळीच्या वरचा आवाज झाला की वेळेसकट १० सेकंद रेकॉर्ड करणारं ॲप टाकलं. लेकीला विचारून ठेवला, तिची एकच अट, स्वप्नात काही बडबडली तर डिलीट करायचं.

१३ ऑक्टोबर

पहिली रात्र, ६३ आवाज. इतके बघून मी घाबरलो, मग एकेक ऐकत बसलो. ४१ माझं घोरणं (भिंतीपलीकडून!), ९ पलंगाची करकर, ६ दारं-बिरं, आणि ७ खोकला. बायकोला ४१ चा आकडा फार आवडलाय, घरात सगळ्यांना सांगून झालाय.

पण त्या ७ कडे नीट बघितलं तर सगळेच्या सगळे ३:१० ते ४:४० मधले, आणि आत्ता तिला सर्दी नाहीये. नाक कोरडं, ताप नाही, दिवसा उड्या मारते. मॅडमच्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एका रात्रीत मिळालं असं म्हणायला हरकत नाही, तरी आठवडाभर बघू.

१७ ऑक्टोबर

चार रात्री अजून. ५, ९, ४, ६. घोरणं वजा केलंय (फोनची जागा बदलली, आता मी फारसा ऐकू येत नाही). एक रात्र सोडली तर पहाटेचाच पट्टा.

ताईला विचारलं पहाटेच का. श्वासनळ्या सगळ्यांच्याच पहाटे चारच्या सुमारास थोड्या आवळतात, शरीराचं घड्याळ आहे ते, कॉर्टिसोल (शरीराचं स्वतःचं सूज आवरणारं हार्मोन) रात्री खाली असतं वगैरे, निरोगी माणसाला पत्ताही लागत नाही, पण दम्यात नळ्या आधीच सुजलेल्या असल्याने तेवढ्याने पण खोकला येतो. सर्दीतही रात्री खोकतात लोक, पण ते जास्त करून आडवं झाल्यावर नाकातलं घशात उतरतं म्हणून, पडल्या पडल्या ढास लागते ती. म्हणून वहीत "रात्री खोकला: हो/नाही" काढून "किती वाजता" टाकलं. एवढ्या छोट्या बदलाने वही एकदम कामाची वाटायला लागली.

१९ ऑक्टोबर

लेकीला सर्दी. सकाळी घसा दुखतोय म्हणाली, दुपारपासून शिंका. बाप म्हणून वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, प्रकल्पवाला म्हणून जरा बरंही वाटलं.

२१ ऑक्टोबर

तिला काल ताप ३८.१, आज नाही. नाक नळासारखं चालू. आणि माझा घसा खवखवतोय सकाळपासून. म्हणजे तिच्याकडून मला दोन दिवसांत पोचली, सर्दीचा व्हायरस एक ते तीन दिवसांतच रंग दाखवतो त्यात बसतंय बरोबर.

मग लक्षात आलं की ही तर आयती संधी! एकच घर, बहुतेक एकच व्हायरस, दोन शरीरं, आणि मला दमा नाही. माझाही कॉलम टाकला शेजारी. फोन एक माझ्या उशाशी पण.

२३ ऑक्टोबर, रात्री ११

आज तो आवाज मी स्वतःच्या कानाने ऐकला. झोपलेली असताना तिच्या पाठीला कान लावला, खांद्याच्या हाडाच्या खालच्या बाजूला. श्वास घेताना काही नाही, सोडताना मात्र शेवटाकडे एक बारीक लांब शिट्टी, दूर कुठेतरी किटली लागल्यासारखी, आणि श्वास सोडायला घेण्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतोय. इतके दिवस मी "घरघर" म्हणायचो ते वेगळंच होतं, ते नाकातलं नाहीतर घशातल्या कफाचं, खोकरून किंवा नाक शिंकरून जातं. ही शिट्टी खोकून जात नाही. (श्वास आत घेताना मोठा कर्कश आवाज येत असेल तर तो वरचा, घशाकडचा मामला, तो पण थांबून बघत बसायचा नाही.)

ताईला रात्रीच फोन. तिने आधी हे विचारलं, पूर्ण वाक्य बोलतेय का, बरगड्यांच्या खाली किंवा गळ्याच्या खळगीत श्वासागणिक खड्डा पडतोय का, ओठ निळसर-राखाडी दिसतायत का, पोरगी गुंगीत आहे का. चारही नाही. मग म्हणाली सकाळी दाखव, पण यातलं एक जरी दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. झोप कसली लागतेय.

२४ ऑक्टोबर

मॅडमकडे. दोन्ही बाजूंना शिट्टी, रक्तातला ऑक्सिजन ९७ टक्के. तिथेच स्पेसर (औषध नीट आत जावं म्हणून पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून श्वासाच्या पंपाचे चार पफ दिले, एकेक करून, मध्ये श्वास घेत, आणि १५ मिनिटं बाहेर बसवलं. परत स्टेथो लावला आणि मला पण ऐकायला दिला. शिट्टी जवळजवळ गेलेली. लेक म्हणाली "छातीवरून कोणीतरी उठल्यासारखं वाटतंय", म्हणजे इतके दिवस कोणीतरी बसलेलं होतं आणि तिला तेच नॉर्मल वाटत होतं, त्यावर काय बोलणार.

हा पंप नळीभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतो, सर्दीच्या व्हायरसशी त्याचं काही देणंघेणं नाही, नुसत्या सर्दीचा खोकला त्याने असा पाव तासात हलत नाही. तरी मॅडमनी लगेच शिक्का मारला नाही. म्हणाल्या दाट शंका आहे, पण सर्दी ओसरली की मोजून बघू, एकदा नाव लागलं की वर्षानुवर्षं औषध चालतं, म्हणून पुरावा कागदावर हवा. मला हे पटलं. तोवर पंप लागेल तसा, आणि किती लागला ते वहीत. म्हणजे अजून एक कॉलम.

२८ ऑक्टोबर

माझी सर्दी संपली. सात-आठ दिवस, अगदी पुस्तकी. २१ ला घसा, २२ ते २४ नाक, सगळ्यात वाईट दिवस २३, नंतर उतरत गेली. थोडा खोकला आहे अजून पण सकाळी उठल्यावर दोन-चारदा, बस.

हिचं नाक २५ लाच मोकळं झालं, म्हणजे सर्दी म्हणून बघितली तर माझ्या आधी बरी झाली ती! पण रात्रीचे खोकल्याचे आकडे बघा, १९ तारखेपासून: ८, १४, २२, ३१, २७, १९, १८, २१, १७. नाकाची रेघ खाली आली आणि खोकल्याची तिच्याबरोबर आलीच नाही, पंपाने थोडी वाकली आणि तिथेच अडून बसली. आणि खोकला बदलला पण, पहिले दोन दिवस घशातला ओला, आता कोरडी उबळ, हसली की येते, जिना चढली की येते, थंड हवेत गेलं की येते.

दोघांचे ग्राफ एकावर एक टाकून प्रिंट काढला. व्हर्जन १ च्या २२ लक्षणांनी जे सांगितलं नाही ते या दोन रेघा सांगतायत. अर्थात सर्दीनंतर नुसता खोकला दोन-तीन आठवडे कोणाचाही रेंगाळू शकतो, म्हणून मी यालाच पुरावा म्हणत नाहीये. पण हसल्यावर, पळल्यावर आणि पहाटे, आणि मधल्या मोकळ्या दिवसांत पण, हे सगळं एकत्र म्हणजे नुसतं रेंगाळणं नव्हे.

२ नोव्हेंबर

पीक फ्लो मीटर आला, फुंकलेली हवा जास्तीत जास्त किती वेगाने बाहेर येते ते मोजणारा. प्लॅस्टिकची नळी, काटा शून्यावर आणायचा, उभं राहून छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ घट्ट मिटून एकदम जोरात फुंकायचं, तीनदा, त्यातला सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. सकाळ-संध्याकाळ, पंप घ्यायच्या आधी. आकडा लिटर प्रति मिनिट.

नळी थोडीशी अरुंद झाली तर एवढा काय फरक पडतो असं मला वाटायचं. गणित केलं, त्रिज्या अर्धी झाली तर अडथळा १६ पट होतो, चौथा घात आहे तो (हवा शांतपणे वाहतेय असं धरून). एक मिलीमीटरची सूज मोठ्या माणसाला काय वाटेल आणि पोराच्या बारीक नळीत काय करेल ते त्यातच आलं.

५ नोव्हेंबर

आज सकाळी ३१०! रोज २०० च्या आसपास असते. मी खुश, दुपारी शंका आली, संध्याकाळी समोर बसून बघितलं तर बाईसाहेब फुंकत नव्हत्या, थुंकल्यासारखा गालाने झटका देत होत्या. तसा आकडा खोटा वाढतो. सकाळचा ३१० खोडला, नशिबाने त्या आधीचा नीट फुंकलेला १९० लिहून ठेवला होता, तो धरला. "पण बाबा, ३१० छान दिसत होतं ना."

९ नोव्हेंबर

आठवडा पूर्ण. सकाळ/संध्याकाळ: १९०/२४०, २००/२४०, २१०/२३०, १९०/२३०, २००/२३०, २१०/२४०, २००/२५०. सकाळ रोज खाली.

दिवसाचा चढउतार काढायला मी फरक भागिले मोठा आकडा असं करत होतो. ताईने सांगितलं चूक, फरक भागिले दोघांची सरासरी, मग टक्के, आणि मग सगळ्या दिवसांची सरासरी. म्हणजे पहिल्या दिवशी ५० भागिले २१५, २३.३ टक्के. सातही दिवसांची सरासरी १७ टक्के आली. मुलांमध्ये १३ च्या वर आणि मोठ्यांमध्ये १० च्या वर चढउतार असेल तर ते जास्त धरतात. फॉर्म्युला दुरुस्त करून सेल लॉक केला, माझ्यापासूनच.

१२ नोव्हेंबर

स्पायरोमेट्री. चार तास आधीपासून पंप बंद ठेवायला सांगितला होता. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर टाकते ते मोजतात, आधी १४२० मिलीलिटर, पंप देऊन १५ मिनिटांनी १६६०. सुमारे १७ टक्के वाढ, मुलांना १२ च्या वर गेलं की दम्याच्या बाजूने धरतात. (मोठ्यांना १२ टक्के आणि शिवाय निदान २०० मिलीलिटर, दोन्ही.) मॅडमनी एक बजावलं, त्या दिवशी ही टेस्ट नॉर्मल आली असती तरी दमा नाही असं झालं नसतं, चांगल्या दिवशी नॉर्मल येऊ शकते.

तर नाव लागलं. बाळदमा. बायको गाडीत बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली "मग तो अँटिबायोटिकचा कोर्स दोनदा कशाला दिला आपण". माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आजपासून रोजचा पंप सुरू, कमी डोसचा स्टेरॉइड, सूज उतरवायला. हा लगेच आराम देणारा नव्हे, रोज घ्यायचा, बरं वाटलं तरी, आणि नंतर चूळ भरायची. दोन पंपांचे रंग वेगळे आहेत तरी मी मार्करने मोठं "रोज" आणि "लागेल तेव्हा" लिहिलंय.

२० नोव्हेंबर

वहीचं शेवटचं रूप. एका पानावर १४ दिवस. कॉलम फक्त सहा: नाक, ताप, खोकला किती वाजता, कशाने आला, पंप किती, पीक फ्लो. खाली निकालाची जागा ठेवलेली नाही, मुद्दाम. निकाल डॉक्टर देतील, वहीने त्यांना दिवस दाखवायचे.

डोळे-नाक खाजणं हा कॉलम ठेवू की नको यावर ताईशी वाद झाला. आठवडेच्या आठवडे पाणेरी नाक, खाज, सलग शिंका, ताप अजिबात नाही, ही सर्दीपेक्षा ॲलर्जी, आणि दम्याच्या लोकांमध्ये ती बऱ्याचदा सोबत असतेच. शेवटी "नाक" मध्येच "खाज" असं लिहायचं ठरलं. तिचंच चाललं.

मागच्या बाजूला लाल चौकट, त्या रात्री फोनवर विचारलेले प्रश्न, शिवाय दोन: पंप घेऊन आराम नाही, किंवा थोड्याच वेळात परत तेच. आणि एक ओळ ताईने स्वतः लिहायला लावली, श्वासाला झटत असताना शिट्टी अचानक बंद झाली तर ते बरं होणं नव्हे, हवाच जात नाहीये, लगेच ॲम्ब्युलन्स. हे मला आधी माहीत नव्हतं, मी तर आवाज थांबला म्हणून झोपायला गेलो असतो.

९ डिसेंबर

लेकीला सर्दी. घसा, शिंका, सगळं नेहमीचं. रोजचा पंप सुरू होऊन चार आठवडे झालेत. फोन परत टेबलावर.

१३ डिसेंबर

रात्रीचे आकडे २, ५, ६, ३. पहाटेचा पट्टा रिकामा, जे आहेत ते झोपताना. पीक फ्लो सकाळ २४०, संध्याकाळ २५०. पाठीला कान लावला, काही नाही, नुसता नाकाचा फुरफुर आवाज.

१७ डिसेंबर

नाक मोकळं. खोकला काल रात्री ०. पान भरलं, पहिले चार कॉलम नीट भरलेत, पंपाच्या कॉलममध्ये एकच आकडा, तोही खेळून आल्यावरचा. मॅडमकडे पान दाखवलं, त्यांनी वरून खाली बोट फिरवलं आणि म्हणाल्या "ही नुसती सर्दी होती". बायकोने पान परत घेऊन दोनदा वाचलं.

पुढची कामं: नवीन पानांच्या प्रिंट काढणे, स्पेसर धुणे, फोनमधली घोरण्याची ४१ रेकॉर्डिंग डिलीट करणे (बायको नको म्हणतेय).